मार्गशीर्षांतला पाऊस

कोल्हापूरच्या माणसास पावसाचें नवल वाटत नाहीं. पश्चिमेस गगनबावड्याच्या घाटमाथ्यावर वर्षाकाठीं पांच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तेथून जेमतेम ५५ किलोमीटरांवर असलेल्या शहरांत तो हजाराच्या आसपास येतो. आणि आणखी पूर्वेस शिरोळच्या रानांत तर त्याच्याही निम्म्यावर येऊन ठेपतो. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लोकश्रद्धेंतील गुप्त सरस्वती अशा पांच प्रवाहांनीं पंचगंगा सिद्ध होते व नृसिंहवाडीस ती कृष्णेला मिळते. वाडीच्या देवळांत पाणी शिरून दत्तपादुकांवरून दक्षिण दरवाजानें बाहेर पडूं लागलें, कीं त्यास दक्षिणद्वार म्हणतात आणि भाविक त्यांत स्नान करतात. पुराला सणाची प्रतिष्ठा देणारा हा प्रदेश पाण्याला भितो असें कोण म्हणेल? परंतु एक पाऊस असा आहे, कीं त्याची चार शिंतोडे पडलीं तरी या जिल्ह्याच्या काळजांत धस्स होतें. तो म्हणजे मार्गशीर्ष-पौषांतला, थंडीच्या दिवसांतला पाऊस.

आपल्या पूर्वजांनीं पावसाला नांवें ठेवण्यांत कसूर केलेली नाहीं. मृगापासून हस्तापर्यंत पावसाचीं नऊ नक्षत्रें. त्यांतील पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा तो म्हातारा, हस्ताचा तो हत्तीचा. पंचांगांत प्रत्येक नक्षत्राचें वाहन सांगितलेलें असतें आणि त्यावरून शेतकरी पाऊसमानाचा कयास बांधीत आला आहे. या सगळ्या नामावळींत मार्गशीर्षांतल्या पावसाला मात्र स्वतःचें नांव नाहीं. त्याला म्हणावयाचें ‘अवकाळी’, म्हणजे ज्याची वेळच नाहीं तो. ज्याला भाषेंत नांव नाहीं, त्याच्यासाठीं घरांत तयारी तरी कोठून असणार?

आणि तो येतो तो काळ कोणता? ऊंस तोडीस आलेला असतो, कारखान्यांचा गळीत हंगाम भरांत असतो, आणि गुऱ्हाळांच्या चुलवाणांतून रात्रंदिवस धूर निघत असतो. शाहू महाराजांनीं १८९५ सालीं शाहूपुरी ही पेठ वसविली आणि कोल्हापुरी गुळाला तिनें मोठी बाजारपेठ मिळवून दिली. २०१४ सालीं या गुळाला भौगोलिक मानांकनही लाभलें. पण हा गूळ शिजतो तो उन्हांत वाळविलेल्या चिपाडावर. चिपाड भिजलें, कीं चुलवाण पेटत नाहीं, काहिलींतला रस थांबतो, आणि आधीं बांधलेल्या रव्यांना ओल्या हवेनें पाणी सुटूं लागतें. उंसाच्या फडांत चिखल झाला, कीं गाड्या रुततात व तोड बंद पडते. हरभऱ्यावरची आंब धुऊन जाते आणि ढगाळ हवेंत घाटेअळी माजते. दाणा भरत आलेला शाळू लोळतो. शेजारच्या तासगांव-मिरजेकडे ऑक्टोबर छाटणीचे द्राक्षमळे ऐन फुलोऱ्यांत असतात. त्यांवर दावण्या पडतो. पाणी गुडघाभरही चढत नाहीं, एकही घर वाहून जात नाहीं, आणि तरी वर्षाची कमाई दोन दिवसांत मातीस मिळते.

हें संकट नीट उमगत नाहीं याचें एक कारण मोजमापांत आहे. कोल्हापूरनें पूर मोजावयास चांगलें शिकून घेतलें आहे. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर आलें कीं इशारा, ४३ फुटांवर आलें कीं धोका, हे दोन आंकडे शहरांतल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. हें ज्ञान महाग पडलें आहे. २००५ सालीं महापूर आला. त्याच्या खुणा भिंतींवर राहिल्या आणि मनांतही राहिल्या. २०१९ च्या ऑगस्टांत पाणी वाढूं लागलें तेव्हां, “त्या सालीं आमच्या उंबऱ्याला पाणी लागलें नव्हतें,” या भरंवशावर अनेक कुटुंबें घरांतच राहिलीं. पाण्यानें त्या वर्षीं ५५ फुटांची रेषा ओलांडली, पुणें-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला, आणि जुन्या खुणेवर विसंबलेलीं माणसें होड्यांतून बाहेर काढावीं लागलीं. २०२१ च्या जुलैंत पाणी पुन्हां तितकेंच चढलें. पण या खेपेस लोक आधींच हालले होते. दोन वर्षांपूर्वींची आठवण ताजी होती, हें त्याचें मुख्य कारण.

थंडींतल्या पावसाला असा बंधारा नाहीं. सरकारी हिशेबांत एखाद्या महसूल मंडळांत चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला, तर ती अतिवृष्टि. हें माप श्रावणाला योग्यच आहे. पण फुलोऱ्यांतल्या द्राक्षाला १५ मिलिमीटरही पुरे होतात. भिजलेल्या चिपाडाला तर तितकेही लागत नाहींत. उलट हाच पाऊस जतच्या कोरड्या माळावर पडला, तर तेथला शाळूवाला आभाळाकडे पाहून हात जोडील. तेव्हां पाऊस किती पडला, हा प्रश्न अर्धाच आहे. तो कोणत्या पिकावर आणि त्या पिकाच्या कोणत्या अवस्थेंत पडला, हा प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग. आणि त्याचें उत्तर पर्जन्यमापकांत सांपडत नाहीं.

अशा पावसाची वर्दी आधीं मिळावी, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. आणि तिचा इतिहासही बोधप्रद आहे. १८६४ सालीं कलकत्त्यावर प्रचंड चक्रीवादळ आलें, १८६६ सालीं ओरिसांत दुष्काळ पडला, आणि अशा आघातांनंतर १८७५ सालीं हिंदुस्थानचें हवामानखातें स्थापन झालें. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनीं हिमालयावरील बर्फ व मोसमी पाऊस यांचा संबंध जोडून १८८६ च्या जूनमध्यें दीर्घ मुदतीचें पहिलें अधिकृत भाकीत प्रसिद्ध केलें. त्यांच्यानंतर आलेले जॉन इलियट यांचीं भाकितें बरींच सविस्तर असत. परंतु १८९९ सालीं त्यांनीं चांगल्या पावसाची आशा दाखविली आणि देशावर त्या शतकांतला एक अत्यंत भीषण दुष्काळ कोसळला. वर्तमानपत्रांनीं टीकेची झोड उठविली. तेव्हां पुढें कांहीं वर्षें हीं भाकितें लोकांना न सांगतां सरकारी कचेऱ्यांपुरतींच गोपनीय ठेवण्यांत आलीं. चूक झाली म्हणून बोलणेंच बंद करावयाचें, हा उपाय सोपा खरा. पण त्यानें भाकीत सुधारलें नाहीं आणि विश्वासही वाढला नाहीं.

त्या दुष्काळानंतरच्या दशकांत कोल्हापूर संस्थानानें निराळी वाट धरली. पाऊस केव्हां येईल हें सांगणें हातीं नसेल, तर आलेला पाऊस धरून ठेवणें तरी हातीं आहे, अशा विचारानें शाहू छत्रपतींनीं भोगावतीवर राधानगरीच्या धरणाचें काम सुरू केलें. स्वातंत्र्यानंतर तें पुरें झालें. दुष्काळाचें भय त्यानें पुष्कळ कमी केलें. आणि उंसाचा विस्तार झाला तोही अशा पाण्याच्याच बळावर. म्हणजे ज्या पिकाला आज अवकाळी पाऊस नडतो, तें पीक एका जुन्या संकटावरील उपायांतूनच वाढलेलें आहे.

इकडे शास्त्रही पुढें सरकत होतें. गिल्बर्ट वॉकर यांनीं दूरदूरच्या महासागरांवरील हवेच्या दाबांचा हिंदुस्थानच्या पावसाशीं असलेला संबंध गणितानें शोधला. १९२८ सालीं खात्याचें मुख्य ठाणें सिमल्याहून पुण्यास आलें. १९३२ सालीं तेथें डॉ. रामदास यांच्या देखरेखीखालीं शेतकी हवामानशास्त्राची शाखा निघाली. आणि १९४५ पासून शेतकऱ्यांसाठीं हवामानाचीं वार्तापत्रें नभोवाणीवरून ऐकूं येऊं लागलीं. जें भाकीत एके काळीं कचेरींत कुलुपबंद होतें, तें आतां चावडीवरच्या रेडिओंतून सर्वांच्या कानीं पडूं लागलें. त्यानंतर उपग्रह आले, रडार आले, महासंगणक आले. आणि चक्रीवादळाची वाट दोन-तीन दिवस आधीं पुष्कळ अचूक सांगतां येऊं लागली.

तरी लोकांचें समाधान झालेलें नाहीं. २००९ च्या नोव्हेंबरांत ‘फयान’ वादळ ११ तारखेस अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यास लागलें. मुंबई मोठ्या तडाख्यांतून वांचली, म्हणून तेथें इशारा फुकट गेल्यासारखा वाटला. आणि त्याच वादळानें कोंकणांतले कित्येक मच्छीमार समुद्रांत गिळले. २०१७ च्या डिसेंबरांतलें ‘ओखी’ याहून बोलकें आहे. कन्याकुमारी व केरळ येथील कोळ्यांपर्यंत वर्दी उशिरां पोंचली आणि तेथें फार मोठी प्राणहानि झाली. तिकडच्या अनेक नौकांनीं भरकटत येऊन आपल्या देवगड बंदराचा आसरा घेतला. तेंच वादळ वर सरकतां सरकतां समुद्रांतच क्षीण झालें. महाराष्ट्रांत इशारा वेळेवर मिळाला, शाळांना सुट्या दिल्या गेल्या, आणि मागाहून लोक म्हणूं लागले, कीं झालें तर कांहींच नाहीं! एका किनाऱ्यावर इशारा मिळाला नाहीं म्हणून शास्त्र दोषी. दुसऱ्या किनाऱ्यावर संकट आलें नाहीं म्हणूनही शास्त्रच दोषी. २०१७ च्याच जुलैंत बीड जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं पावसाचें भाकीत खोटें ठरलें म्हणून हवामानखात्याविरुद्ध थेट पोलिसांत तक्रार दिली होती. पेरलेलें बीं करपून गेल्यावर माणसाला ‘शक्यता’ या शब्दाचें सांत्वन पुरत नाहीं.

वास्तविक वाद येथेंच आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेंझ यांनीं १९६३ सालीं दाखवून दिलें, कीं वातावरणाच्या आजच्या स्थितींतला सूक्ष्म फरकही कांहीं दिवसांत मोठा होऊन बसतो. म्हणून भाकिताला कांहीं अंगच्याच मर्यादा आहेत. त्यांतून सह्याद्रीच्या एका सोंडेआड पाऊस आणि पलीकडे ऊन, असा हा मुलूख. ‘जिल्ह्यांत कांहीं ठिकाणीं पाऊस’ हें वाक्य शास्त्राच्या दृष्टीनें खरें ठरतें, त्याच दिवशीं करवीरांतल्या एखाद्या शेतकऱ्याला तें साफ खोटें वाटतें. आणि दोघांचेंही बरोबर असतें. जिल्ह्याचा अंदाज तालुक्यावर आणावा, यासाठीं अलीकडे प्रयत्न झाले. राज्यांतल्या महसूल मंडळांत ‘महावेध’ योजनेखालीं दोन हजारांवर स्वयंचलित केंद्रें उभीं राहिलीं, तींही याच गरजेपोटीं.

परंतु भाकिताचा खरा कस त्याच्या अचूकपणांत जितका आहे, तितकाच ऐकणाऱ्याच्या हातांत काय आहे यांत आहे. दोन दिवस आधीं कळलें, तर गुऱ्हाळवाला चिपाडाची गंजी झांकूं शकतो. द्राक्षवाला औषध फवारूं शकतो. कारखाना तोडीचा कार्यक्रम फिरवूं शकतो. पण बीडहून आलेल्या ऊंसतोड्यानें काय करावें? नवरा-बायको मिळून त्यांचा एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची ती तोडलेल्या टनांवर. आणि राहावयाचें तें फडालगतच्या कोपींत. पाऊस आला म्हणजे मजुरी बुडते, आणि वरून कोपी गळते. त्याच्या बायकोच्या कानावर आदल्या दिवशीं इशारा पडला, तरी पोर घेऊन ती कोणत्या छपराखालीं जाईल? २०२१ च्या डिसेंबराच्या पहिल्या दोन दिवसांत राज्यभर अवकाळी पाऊस झाला. इशारा नव्हता असें नाहीं. तरी जुन्नर-पारनेर भागांत उघड्या माळावर बसविलेल्या हजारांहून अधिक शेळ्या-मेंढ्या गारठून मेल्या. कारण धनगराच्या कळपाला आसरा देणारी भिंत रानांत कोठेंच नव्हती.

पंचगंगेच्या पुरानें कोल्हापूरला एक धडा दिला: ३९ फुटांचा आंकडा कामाला येतो, तो त्याच्याबरोबर होडी, छावणी व रस्ता तयार असतात म्हणून. थंडींतल्या पावसासाठींही तेंच करावें लागेल. गुऱ्हाळाला ताडपत्री, ऊंसतोड्याला कारखान्याच्या आवारांत पक्कें छप्पर, धनगराला वाटेवर निवारा, आणि नुकसानीचें माप मिलिमीटरांबरोबरच पिकाच्या अवस्थेवरून, एवढें झालें तर आजचें भाकीत, आहे तितकेंच अचूक राहूनही, कितीतरी अधिक उपयोगी ठरेल. मग एखाद्या वेळीं ढग नुसते येऊन गेले, तरी त्या रात्रीं ज्यांची पोरें कोरड्यांत निजलीं, ते कोणी इशारा खोटा ठरला अशी तक्रार करणार नाहींत.