दातांची मोजणी

आमच्या नेकनूर भागात टर्बाइन म्हटलं की दोनच गोष्टी डोळ्यांसमोर येतात. एक परळीचं औष्णिक वीज केंद्र, आणि दुसरी म्हणजे साखर कारखान्यातलं ते मोठ्ठं, कानठळ्या बसवणारं धूड. पहिलं केज-अंबाजोगाई ओलांडून गेल्यावर दिसतं. दुसरं पाहायला मात्र आमच्याकडच्या माणसाला वेगळं जावं लागत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन कोयता खांद्यावर टाकला की तो पोचतोच कारखान्याच्या दारात. बीड जिल्हा हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा, हे तुम्हाला माहीत आहेच.

मी मात्र तिथे कोयता घेऊन गेलो नाही. डिप्लोमा करून इन्स्ट्रुमेंटवाला म्हणून गेलो, आणि आयुष्याची बरीच वर्षं टर्बाइनच्या एका अगदी छोट्या भागाशी झटापट करण्यात गेली. तो भाग म्हणजे टर्बाइनचा वेग मोजणारं कार्ड. तळहातापेक्षा थोडं मोठं. त्याच्यावर लिहावं असं काय आहे, असं वाटेल. पण या कार्डामागे सव्वादोनशे वर्षांहून जास्त इतिहास आहे, आणि तो मजेशीर आहे.

सुरुवात जेम्स वॉटपासून करतात. तशी प्रथाच आहे म्हणा. १७८८ साली वॉटने आपल्या वाफेच्या इंजिनाला दोन फिरते गोळे बसवले. इंजिन जोरात फिरलं की गोळे बाहेर फेकले जातात, त्यांच्याबरोबर दांडा वर जातो आणि वाफेची झडप थोडी मिटते. वेग कमी झाला की गोळे खाली, झडप उघडी. पण हे डोकं मुळात वॉटचं नव्हतं. पवनचक्कीवर दळणारे लोक जात्याच्या दोन तळ्यांमधलं अंतर सांभाळायला असे गोळे आधीपासून वापरत होते. म्हणजे वेग ओळखायची ही युक्ती पिठाच्या गिरणीतून आली! मला ही गोष्ट फार आवडते. पुढे १८६८ मध्ये मॅक्सवेलने (हो, तोच विद्युतचुंबकीय समीकरणांवाला) गव्हर्नरवर एक निबंध लिहिला आणि काही गव्हर्नर वेग सावरण्याऐवजी हेलकावे का खातात, याचं गणित मांडलं. १८७० मध्ये अमेरिकेत रॉकफर्ड गावी एमॉस वुडवर्डने पाणचक्क्यांसाठी गव्हर्नर बनवायला सुरुवात केली. त्याच वुडवर्डच्या नावाचा '५०५' डिजिटल गव्हर्नर आज आपल्या कितीतरी साखर कारखान्यांच्या पॅनलवर दिसतो.

या गोळ्यांचं वैशिष्ट्य असं, की वेग मोजणं आणि वेग आवरणं ही दोन कामं त्यात वेगळी नव्हती. मोजणारा तोच आणि आवरणारा तोच. आणि तो डोळ्यांना दिसायचा. गोळे किती वर आहेत हे पाहून ऑपरेटरला इंजिनाची तब्येत कळायची. जुन्या साखर कारखान्यांत चरक वाफेच्या इंजिनावर चालत, भलंमोठं फ्लायव्हील सावकाश गरगरत असे. तिथे वेग चुकला तर सावरायला वेळ मिळायचा.

टर्बाइन आलं आणि हा वेळच संपला. चार्ल्स पार्सन्सचं १८८४ चं पहिलं टर्बाइन मिनिटाला १८,००० फेरे मारायचं. पुढे वीजकेंद्रांत ५० हर्ट्झच्या विजेसाठी ३,००० फेरे हा आकडा पक्का झाला. टनावारी वजनाचा रोटर, मिनिटाला ३,००० फेरे. आता कल्पना करा, जनरेटरवरचा भार एकदम सुटला. वाफ मात्र येतेच आहे. पूर्ण भारावर चालणारा मोठा संच अशा वेळी पहिल्याच सेकंदात दहा टक्क्यांच्या आसपास वेग पकडू शकतो. आणि रोटरवरचा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे वेग दहा टक्के वाढला की ताण एकवीस टक्के. म्हणून ११० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ३,३०० फेऱ्यांवर, टर्बाइन ट्रिप झालंच पाहिजे असा दंडक पडला.

हे काम आधी एक खिळा करायचा. शाफ्टच्या पोटात स्प्रिंगने धरून ठेवलेला एक बोल्ट. वेग ठराविक मर्यादेपलीकडे गेला की तो स्प्रिंगला न जुमानता बाहेर उसळतो, एका खटक्यावर आदळतो, तेलाचा दाब सुटतो आणि वाफेची स्टॉप व्हॉल्व्ह धाडकन बंद होते. वीज नको, बॅटरी नको, वायर नको. जुन्या माणसांचा या बोल्टवर देवाइतका विश्वास. पण तो काम करतो की नाही हे तपासायचं कसं? तर टर्बाइन खरोखरच मर्यादेपलीकडे पळवून! म्हणजे विष खरं आहे का हे चाटून पाहण्यासारखं. इंग्लंडमधल्या हिंकली पॉइंट अ केंद्रात १९६९ मध्ये अशाच जास्त वेगाच्या चाचणीत टर्बाइनची चकती फुटली. चकतीला आतून बारीक तडे गेलेले होते. दक्षिण आफ्रिकेतल्या डुव्हा केंद्राचा चौथा संच २०११ मध्ये ओव्हरस्पीडच्या चाचणीतच उद्ध्वस्त झाला.

मग आलं दातांचं चाक. शाफ्टवर दात असलेलं एक पोलादी चाक बसवायचं आणि त्याच्यासमोर, साधारण मिलिमीटरभर अंतर ठेवून, एक मॅग्नेटिक पिकअप. आत चुंबक आणि त्याभोवती तारेचं वेटोळं. एकेक दात समोरून गेला की विजेचा एकेक ठोका. ठोके मोजले की वेग कळला. चाकाला ६० दात असतील तर हिशोब आणखी सोपा. सेकंदाला जितके ठोके, मिनिटाला तितकेच फेरे. ३,००० ठोके म्हणजे ३,००० आरपीएम. हे ठोके मोजून 'ट्रिप करा' असं सांगणारं इलेक्ट्रॉनिक कार्ड म्हणजे आमचा आजचा विषय. मोठ्या संचावर अशी तीन पिकअप, तीन कार्डं, आणि तिघांपैकी दोघांनी सांगितलं तरच ट्रिप. म्हणजे पंचायतच. एक पंच बिघडला तरी निर्णय चुकत नाही. शिवाय तपासायला टर्बाइन पळवायची गरज नाही. फ्रिक्वेन्सी जनरेटर लावा, खोटे ठोके द्या, रिले पडतो का ते पाहा.

इतकं सगळं चांगलं असताना घोडं अडलं कुठे? तर वयात. गोळे आणि बोल्ट टर्बाइनइतकेच जगायचे. चाळीस-चाळीस वर्षं. कार्ड मात्र पंधरा-वीस वर्षांत म्हातारं होतं. त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळतात. साधा आडाखा असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं. आता मराठवाड्यातला मे महिना आणि पॅनल रूमचा बंद पडलेला एसी डोळ्यांसमोर आणा. साखर कारखान्यात आणखी एक भानगड. हंगाम संपला की पॅनल महिनोन् महिने बंद. वर पावसाळा. कनेक्टरच्या पिना काळ्या पडतात, आत पाली संसार थाटतात, आणि बॉयलर पेटवायच्या दिवशी कार्ड डोळे मिटून बसतं. आणि समजा कार्ड धडधाकट राहिलंच, तरी त्यातली चिप बनवणारा धंदा सोडून गेलेला असतो. जीईच्या स्पीडट्रॉनिक मालिकेत १९६० च्या दशकाअखेरीच्या मार्क-एकपासून २००० च्या आसपासच्या मार्क-सहापर्यंत पिढ्यांमागून पिढ्या झाल्या. त्या सगळ्या काळात पहिलं टर्बाइन मात्र तेच, तिथेच फिरत असू शकतं.

म्हणजे कार्ड बदलणं आलंच. आणि लोकांना वाटतं तसं ते बल्ब बदलण्यासारखं नाही.

एका कारखान्यातली गोष्ट सांगतो. (कारखान्याचं नाव राहू द्या.) चरक फिरवणारं एक जुनं टर्बाइन, त्याचं वेगाचं कार्ड बदलायचं होतं. नवीन मॉड्यूल खोक्यातून निघालेलं, ड्रॉइंग टेबलावर पसरलेलं. ड्रॉइंगवर दात लिहिलेले ६४. तोच आकडा नव्या मॉड्यूलमध्ये भरायचा, एवढंच काम. तिथे एक निवृत्तीला आलेले ऑपरेटर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. ते मागे उभे राहून बघत होते.

"दात मोजले का रे बाळा?"

"ड्रॉइंगवर आहेत की मामा."

"ड्रॉइंग फिरतंय का चाक फिरतंय?"

कव्हर उघडलं. खडूने एका दातावर खूण केली आणि शाफ्ट हाताने फिरवत मोजले. साठ. पुन्हा मोजले. साठच. कधीतरी, कुठल्यातरी बंद हंगामात, चाक बदललं गेलं होतं. ज्याने बदललं त्याने जुन्या कार्डावरचे जंपरही बरोबर हलवले होते. कागदावर मात्र कुठेच काही नाही. ती माहिती फक्त त्या म्हाताऱ्या कार्डाच्या पोटात होती, आणि आम्ही तेच कार्ड भंगारात टाकायला निघालो होतो.

६४ भरले असते तर काय झालं असतं, बघा. मीटर १०० टक्के दाखवत असताना टर्बाइन पावणेसात टक्के जास्त पळालं असतं. ११० टक्क्यांची ट्रिप खरी पडली असती ११७ च्या पुढे. ताण अडतीस टक्के जादा! वीज बनवणाऱ्या संचावर ही चूक लगेच पकडली जाते, कारण फ्रिक्वेन्सी मीटर शेजारीच असतो आणि ग्रिड खोटं बोलू देत नाही. चरकाच्या टर्बाइनला असा दुसरा साक्षीदार नसतो. चरक जरा जोरात चाललाय, एवढंच कुणालातरी वाटलं असतं, आणि गाळप वाढलं म्हणून आनंदच झाला असता. खरा प्रश्न आला असता ज्या दिवशी कपलिंग तुटलं असतं त्या दिवशी.

तेव्हापासून जुनं कार्ड काढण्याआधी त्याचा प्रत्येक जंपर, प्रत्येक स्क्रूची जागा वहीत उतरवायची मला सवय लागली. दात, गॅप, ट्रिपचा आकडा, रिले वीज गेल्यावर पडतो की आल्यावर. शेवटचं फार महत्त्वाचं. वायर तुटली तर टर्बाइन थांबलं पाहिजे, मोकाट सुटता कामा नये.

पण कार्ड म्हणजे नुसता डोळा. डोळ्याने पाहिलं आणि हात हललाच नाही तर? अमेरिकेतल्या सेलम अणुवीज केंद्राच्या दुसऱ्या संचावर ९ नोव्हेंबर १९९१ रोजी नेमकं हेच झालं. तेल सोडून देणारे सोलेनॉइड व्हॉल्व्ह अडकून बसले होते. १,८०० फेऱ्यांचं टर्बाइन सुमारे २,९०० पर्यंत गेलं, पाती कवच फोडून बाहेर आली, हायड्रोजनने पेट घेतला. म्हणून नवीन मॉड्यूलवर हिरवा दिवा लागला की पेढे वाटणाऱ्यांचा मला राग येतो. तेल तपासा आधी!

आता परळीकडे वळू. १९७१ मध्ये तिथे ३० मेगावॉटच्या संचांनी सुरुवात झाली. १९८०, १९८५ आणि १९८७ मध्ये २१० मेगावॉटचे तीन संच आले. आज हे सगळे निवृत्त आहेत. २००७, २०१० आणि २०१६ चे २५० मेगावॉटचे तीन संच तेवढे उरले. फेब्रुवारी २०१३ मध्ये तर दुष्काळाने पाणीच संपलं आणि अख्खं केंद्र बंद ठेवावं लागलं. सगळी कार्डं शाबूत असतील, पण मोजायला वेगच नाही!

त्या जुन्या संचांच्या काळात ग्रिडचा वेग हा मोठा गमतीचा विषय होता. संध्याकाळी भार वाढला की फ्रिक्वेन्सी ५० वरून ४८ कडे घसरायची. म्हणजे पश्चिम भारतातले सगळे रोटर एकत्र हळू व्हायचे, आणि नेकनूरच्या घरातला पंखाही. आपण म्हणायचो, "व्होल्टेज नाही." खरं तर वेगही नसायचा. खूपच घसरली तर सबस्टेशनातले रिले तो उतरता वेग ओळखून फीडर तोडायचे, आणि तोडले जाणारे फीडर बहुधा आपल्यासारख्यांचेच. अशा ग्रिडवर गव्हर्नर मोकळा सोडला तर तो दिवसभर धावतच राहील, म्हणून कितीतरी ठिकाणी त्याला बांधूनच ठेवत. वॉटच्या गोळ्यांचा सगळा खटाटोप ज्यासाठी होता, तेच काम बंद! १ जुलै २००२ पासून पश्चिम विभागात फ्रिक्वेन्सीनुसार दर ठरू लागले आणि गाडी रुळावर यायला लागली. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर लाइनने दक्षिणही जोडली गेली. आता ग्रिड ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात ठेवायचा नियम आहे. इतक्या बारीक फरकावर गव्हर्नरने हलायचं, तर त्याचा डोळाही तितकाच तीक्ष्ण हवा. जुनी कार्डं बदलण्यामागे हेही एक कारण होतं, नुसतं म्हातारपण नव्हे.

कारखान्यात मात्र कारण साधं असायचं. टर्बाइन थांबलं की चरक थांबतो, चरक थांबला की गव्हाण थांबते, आणि काट्यापासून रस्त्यापर्यंत उसाच्या गाड्यांची रांग लागते. तोडणीचे पैसे टनावर. ऊस उन्हात उभा राहिला की वाळतो, वजन घटतं, आणि ते घटलेलं वजन टोळीच्या हिशोबातून जातं. खराब कार्डामुळे उगाच ट्रिप झालेल्या रात्री मी पॅनलसमोर असायचो तेव्हा बाहेर गाड्यांखाली अंथरूण टाकून माणसं झोपलेली असायची. बैल उभे. त्यांत आमच्या भागातले कितीतरी. एकदा पहाटे तीनला बाहेर आलो तर एकाने विचारलं, "कुठलं गाव सायेब?"

म्हटलं, "नेकनूर."

"मग सुरू करा की लवकर," तो म्हणाला, आणि कूस बदलून झोपला.