महाराजांची ड्यूसेनबर्ग आणि आमची कॉन्टेसा



इंदूरच्या मराठी माणसाला जुन्या मोटारींबद्दल विचारा, तो दोन मिनिटांत यशवंतराव महाराजांवर येतो. साहजिकच आहे. पण माझं म्हणणं थोडं वेगळं आहे, ते शेवटाकडे सांगतो. आधी महाराज.

तुकोजीराव (तिसरे) यांनी १९२६ साली गादी सोडली. त्याआधीच्या बावला खून प्रकरणातही मोटार आहेच. १२ जानेवारी १९२५ ला मुंबईच्या मलबार हिलवर मोटार अडवूनच तो हल्ला झाला होता. ते प्रकरण आपल्या घरांत दार लावून बोललं जायचं, म्हणून इथे जास्त लांबवत नाही. गादीवर आले यशवंतराव. वय सतरा, शिक्षण इंग्लंडात. पूर्ण अधिकार मिळाले १९३० साली, आणि त्याच सुमारास माणिकबाग पॅलेसचं काम एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराने हाती घेतलं. त्या काळात युरोपात जे अगदी नवं होतं ते सगळं माणिकबागेत आलं. मोटारीही त्याच नजरेने घेतल्या गेल्या. बेंटली, अल्फा रोमिओ, हिस्पानो-सुइझा आणि सगळ्यांत गाजलेली ड्यूसेनबर्ग एस.जे.

ड्यूसेनबर्ग ही अमेरिकेतल्या इंडियानापोलिसची कंपनी. चेसिस आणि इंजिन त्यांचं, वरचा सांगाडा बनवला लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याने. १९३५-३६ ची गोष्ट. एका रांगेत आठ सिलिंडर, सुमारे ६.९ लिटरचं इंजिन, त्यावर सुपरचार्जर. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे ३२० अश्वशक्ती. एवढ्या लांबलचक गाडीत बसायची सोय मुख्यतः दोघांची, बाकी सगळं बॉनेट! रंग केशरी आणि काळा. ती आज अमेरिकेत आहे.

आता ३२० हा आकडा लक्षात ठेवा. अमेरिकेत ज्यांना 'मसल कार' म्हणतात, त्यांची सुरुवात बहुतेक जाणकार १९६४ च्या पॉन्टियाक जी.टी.ओ. पासून धरतात. मधल्या आकाराची साधी गाडी घ्यायची, त्यात मोठ्या गाडीचं ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन बसवायचं आणि नोकरदार तरुणालाही हप्त्यावर परवडेल अशा किमतीत विकायची. तिची अश्वशक्ती ३२५. म्हणजे महाराजांनी तीस वर्षं आधी जी ताकद खजिन्यातून विकत घेतली, ती अमेरिकेतला पगारदार कर्जावर घेऊ लागला. बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला यातला कर्जाचा भाग इंजिनापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. पुढे या गाड्यांचा जोर ओसरला तोही विम्याचे वाढलेले हप्ते, धुराचे नियम आणि १९७३ चं तेलसंकट यांनी. इंजिनात काहीच बिघडलं नव्हतं.

आपल्याकडे त्या काळात काय होतं? स्वातंत्र्यानंतर परकीय चलन वाचवायचं होतं, म्हणून नुसते सुटे भाग आणून गाडी जोडणाऱ्या परदेशी कंपन्यांना सरकारने आवरायला सांगितलं. जनरल मोटर्सचा मुंबईतला १९२८ पासूनचा कारखाना १९५० च्या दशकात बंद झाला. उरल्या तीन गाड्या: अँबॅसेडर, फियाट आणि स्टँडर्ड. फियाट बनवणाऱ्या प्रीमियर कंपनीचे संस्थापक वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे, हे नव्या पिढीला सांगावं लागतं. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची, हीच रीत. मुलीच्या जन्माला नंबर लावला आणि गाडी तिच्या बारशाला नाही, मुंजीच्या वयाला आली, असं आमच्या रामबागेत गमतीने म्हणत. (मुलीची मुंज नसते, ठाऊक आहे. गंमतच ती.)

मी १९७० च्या दशकात बी.कॉम. होऊन बँकेत लागलो. ही बँकसुद्धा होळकरांच्याच राज्यातली. १९२० साली 'बँक ऑफ इंदूर' म्हणून निघाली, १९६० ला स्टेट बँकेची उपबँक झाली, २०१० ला विलीन झाली. आता पाटीही नाही. मोटारीचं कर्ज असलं की गाडी बघायला अधिकाऱ्याने स्वतः जायचं. कागद चेसिस नंबरावर धरायचा, वरून पेन्सिल घासायची, नंबराचा छापा उमटला की तो फाईलला लावायचा. आर.सी. बुकात बँकेच्या तारणाची नोंद करून घ्यायची. असे छापे मी किती काढले याची गणती नाही, पँटचे गुडघे मात्र काळे व्हायचे. घरी सौ. विचारायची, आज गॅरेजात होतात का बँकेत?

१९८४ मध्ये कॉन्टेसा आली. हिंदुस्तान मोटर्सने इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलच्या बंद झालेल्या मॉडेलचे साचे घेऊन ती उत्तरपाड्याला बनवली. आमच्याकडे सोयाबीनच्या तेलाचे कारखाने तेव्हा जोरात होते, आणि पैसा हाती आलेल्या व्यापाऱ्याला मारुती फार चिमुकली वाटायची. त्यांना कॉन्टेसाच हवी. रुंद, सपाट, लांब नाकाची, दारात उभी राहिली की गल्ली भरून जायची. पहिल्यांदा बॉनेट उघडून बघितलं तेव्हा मात्र आत १४८९ सी.सी.चं, पन्नासेक अश्वशक्तीचं अँबॅसेडरचंच इंजिन! पैलवानाच्या अंगरख्यात आमच्यासारखा कारकून. पुढे जपानच्या इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आलं आणि गाडीत जीव आला. इसुझूच्या तंत्राने इंजिन-गिअरबॉक्स बनवणारा हिंदुस्तान मोटर्सचा कारखाना आपल्या पिथमपूरलाच होता. इंदूरहून पाऊण-एक तासावर! महाराजांच्या ड्यूसेनबर्गचा एक बोल्टही इथला नव्हता. हे का सांगितलं जात नाही, मला कळत नाही.

गेल्या हिवाळ्यात शनिवार-रविवार जुन्या गाड्यांच्या मालकांचा एक छोटा मेळावा होता. नातू घेऊन गेला. विंटेज गाड्या दोन-चारच, गर्दी मात्र कॉन्टेसांभोवती. तरुण पोरं तिला सरळ 'देसी मसल कार' म्हणतात. एकाने बॉनेटवर काळे पट्टे मारलेले, दुसऱ्याने सीटकव्हरसुद्धा मुळातलं शोधून आणलेलं. पोहे-जलेबी खात बोलणं निघालं. एक मराठी मुलगा म्हणाला, "काका, गाडी चालवणं सोपं आहे, कागद सांभाळणं अवघड." वडिलांच्या नावाची गाडी, वडील गेलेले, आर.सी. बुकात कुठल्याशा बँकेची जुनी तारणनोंद अजून तशीच. कर्ज कधीच फिटलंय, पण ना-हरकत दाखला कुणी घेतलाच नव्हता. त्याला कुठे अर्ज करायचा, काय जोडायचं ते मी तिथेच कागदावर लिहून दिलं.

नियम बघा. २०२१ साली केंद्राने विंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, फी २० हजार, मुदत दहा वर्षं, नंबरात 'व्ही.ए.' अक्षरं. चांगलंच झालं. पण कॉन्टेसा १९८४ ते २००२ मधली. सगळ्यांत जुनी कॉन्टेसाही पन्नास वर्षांची व्हायला २०३४ उजाडेल. तोवर ती कायद्याने नुसती म्हातारी गाडी. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण. ती फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून एकदम ५ हजार झाली होती. सुटे भाग मिळत नाहीत, भंगारवाला दारात उभा. आमच्या घसाऱ्याच्या हिशेबात तर तिची किंमत केव्हाच शून्याजवळ गेलेली.

राजाची गाडी जगात कुठेतरी टिकते, तिच्यावर पुस्तकं निघतात. माणिकबागेचं फर्निचर १९८० मध्ये मोनॅकोत लिलावात गेलं, तरी त्याची यादी उरली. २०१९ ला पॅरिसच्या संग्रहालयात त्यावर मोठं प्रदर्शनही झालं. आमच्या फियाटची, स्टँडर्डची, कॉन्टेसाची यादी कुणी केली? इंदूरच्या मराठी घरांत पहिली मोटार कुणाकडे, कुठल्या साली, किती रुपयांना आली, हे सांगणारी माणसं आता माझ्या वयाची किंवा त्याहून मोठी.

तेव्हा एक काम करा. कपाटात जुनी आर.सी. बुकं, बुकिंगच्या पावत्या, विम्याचे कागद, गाडीला हार घातलेला एखादा फोटो असेल तर मोबाईलवर नीट उजेडात फोटो काढा आणि साल, गाव, गाडीचं नाव लिहून खाली टाका. चेसिस नंबर आणि पत्ता मात्र झाकून टाका, हल्ली फसवणूक फार. मी वहीत ओळीने नोंद करतो आहे. आतापर्यंत अकरा गाड्या झाल्या, त्यात स्टँडर्ड हेराल्ड एकच. स्नेहलतागंजात एक हिरवी हेराल्ड यायची, ती कुणाची होती, आठवतं का कुणाला?