चाकोरीबाहेरची चाकं: टेंभुर्णीच्या बैलगाडीपासून थारपर्यंत

सोलापुरात कुणी नवी थार घेतली की पेढे वाटून होईपर्यंत मित्रमंडळी एक प्रश्न विचारतातच: "टायर मोठे कधी टाकतोयस?" आज याच प्रश्नावर बोलू. पण आपण पडलो इतिहासवाले, त्यामुळे उत्तरासाठी जरा मागं जावं लागेल. जरा म्हणजे, १९० वर्षं.

आधी एक शब्द घ्या. चाकोरी. ऑफिसात 'चाकोरीबाहेरचा विचार' म्हणतात ना, तीच. चाकोरी म्हणजे बैलगाडीच्या चाकांनी मातीत पाडलेली चर. एकदा चाक त्यात पडलं की बैलांनाही काही करायला लागत नाही, गाडी आपोआप त्याच वाटेनं जाते. म्हणजे 'ऑफ-रोड'ला मराठीत अगदी तंतोतंत शब्द आहे, चाकोरीबाहेर. आपण तो फक्त पॉवरपॉइंटमध्ये वापरून संपवला.

आता चला टेंभुर्णीला. पुणे हायवेला लागलात की माढा तालुक्यातलं हे गाव लागतं, बहुतेकांना चहाच्या थांब्यापुरतं माहीत. १८३५-३६ मध्ये शेजारच्या इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी जमीन मोजणी आणि नव्या साऱ्याचं काम सुरू केलं. सारा रोख भरायचा, म्हणजे शेतकऱ्याला धान्य विकायला हवं. आणि धान्य बाजारात न्यायला गाडी हवी. इथंच घोडं, खरं तर बैल, अडत होता.

तेव्हाची गाडी कशी होती? चाक भरीव, जड तबकडीसारखं. आरे नाहीत, काही नाही. ती ओढायला बैलांच्या कितीतरी जोड्या लागायच्या, त्यामुळे गाडी शेतात खत टाकायला आणि पीक खळ्यावर आणायलाच वापरायची. दूरचा माल जायचा तो बैलांच्या पाठीवरून, लमाणांच्या तांड्यांबरोबर. याच पाहणी खात्यातल्या लेफ्टनंट गेसफर्ड नावाच्या अधिकाऱ्यानं १८३० च्या दशकात टेंभुर्णीला गाड्या बनवायचा कारखाना काढला. गाडी हलकी, चाकाला आरे, आणि एका बैलजोडीनं ओढता येईल अशी. म्हणजे आपल्या जिल्ह्यात 'गाडीला वेगळी चाकं' हा प्रयोग तेव्हाच झाला होता, तोही सरकारी खर्चानं!

मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. चाक बदललं, पण ते एकटं बदललं नाही. हलक्या चाकाला बरा रस्ता लागतो, म्हणून रस्ते आले. गाड्या वाढल्या तसं तांड्यांचं काम कमी झालं. १८६० मध्ये रेल्वे सोलापूरला पोचली आणि लांब पल्ल्याची वाहतूक त्यांच्या हातून गेलीच. गाडी मात्र टिकली, कारण कापूस स्टेशनपर्यंत आणि पुढं १८७७ मध्ये उभ्या राहिलेल्या जुन्या गिरणीपर्यंत आणायचा कुणी?

या लाकडी चाकाची एक कारागिरी सांगतो. चाकावर जी लोखंडी पट्टी असते, तिला म्हणतात धाव. लोहार ती चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करायचा, विस्तवात लाल करायचा, गरम असतानाच चाकावर बसवायचा आणि वरून पाणी ओतायचा. लोखंड आकसतं आणि आरे, पुठ्ठे सगळं आवळून धरतं. एक खिळा लागत नाही. पण ही धाव अरुंद. पावसाळ्यात भीमा-सीनेच्या काळ्या रानात ती सुरी लोण्यात शिरावी तशी आत जायची. तिथं उपयोगी पडायची ती चाकाची उंची. चाक जेवढं मोठं, तेवढा खड्डा त्याला लहान. चार-साडेचार फुटी चाकं ही हौस नव्हती.

मग आलं रबर. डनलॉपनं हवेचा टायर काढला १८८८ मध्ये, सायकलसाठी. तो बैलगाडीला लागायला विसाव्या शतकाची तिशी उजाडली. त्याच दशकात माळशिरस तालुक्यात माळीनगरला शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा राहिला. पुढं १९८० मध्ये उजनी धरण झालं, ऊस पसरला आणि टायरगाडी हे हंगामाचं वाहन बनलं. आजही दिवाळीनंतर पंढरपूर-अकलूजकडं रात्री निघालात तर समोर उसानं भरलेल्या टायरगाड्यांची रांग दिसेल. मागं रिफ्लेक्टर असला तर नशीब.

गंमत बघा, या वेळी चाक मोठं झालं नाही, लहान झालं. पण रुंद झालं, आत बेअरिंग आलं, मातीत रुतणं कमी झालं. बैलाचा त्रास वाचला म्हणायचं? १९६५ च्या केंद्रीय नियमांत ओढकामाच्या जनावरांसाठी वजनाची मर्यादा आहे. दुचाकी गाडीला मोठ्या बैलामागं साध्या चाकावर ९०० किलो, हवेच्या टायरवर १३५० किलो. म्हणजे टायरनं वाचवलेली ताकद कायद्यानंच पुन्हा मालाच्या हिशोबात धरली. प्रत्यक्षात उसाच्या गाडीवर किती चढतं, ते तुम्ही पाहिलंय. आणि या गाडीला बहुतेक वेळा ब्रेक नसतो. उतारावर तो सगळा लोड येतो बैलाच्या मानेवर. वेगात, वजनात सुधारणा झाली, थांबवायचं काम मात्र जनावराकडंच राहिलं. याचा राग येतो मला, लपवत नाही.

हेच सूत्र घेऊन जीपकडं येऊ. १९४७ मध्ये मुंबईत महिंद्रांनी विलीज जीप जोडायला सुरुवात केली. त्या जीपचा टायर होता ६.००-१६, म्हणजे आजच्या नजरेनं अगदी सडपातळ. युद्धातल्या जीपच्या ॲक्सलचा गिअर रेशो होता ४.८८. विलीजनं तीच जीप शेतकऱ्याला विकायला काढली, तेव्हा टायर तोच ठेवला आणि रेशो केला ५.३८. नांगर ओढायला चाकावर जोर हवा होता, तो त्यांनी गिअरमधून काढला. आपल्याकडं पुढं वडापच्या जीपा याच घराण्यातल्या, दहा जण आत आणि चार टपावर.

आता थार. २ ऑक्टोबर २०२० ला नवी आली. वरच्या मॉडेलला टायर २५५/६५ आर १८. याचा व्यास होतो सुमारे ७८९ मिलिमीटर. समजा तुम्ही २८५/६५ टाकला, तर ८२८. फरक ३९ मिलिमीटर. पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, म्हणजे दोन सेंटिमीटरसुद्धा नाही! त्या बदल्यात काय जातं? घेर पाच टक्के वाढला, म्हणजे जमिनीवरचा जोर साधारण तेवढाच कमी. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा पूर्वीच्या मानानं तुम्ही १०५ नं जात असाल. ब्रेक तेच, पण फिरणारं वजन जास्त. स्टेअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतल्या प्लास्टिकला घासू शकतो. विलीजनं जे रेशो बदलून केलं, ते आपण दुकानात दोन तासांत उलट दिशेनं करून येतो.

आणि सोलापूरची काळी माती. जुलैत ती टायरच्या खाचांत भरते आणि रुंद टायर गुळगुळीत लाटणं होतो. तिथं इंचापेक्षा नक्षी, हवा थोडी कमी करणं आणि डांबरावर आल्यावर पुन्हा भरणं, याचा जास्त उपयोग. (आणि हो, नान्नजचं माळरान हे माळढोकाचं अभयारण्य आहे. तिकडं गाडी घालायची नाही, विषय संपला.)

राहिला कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेत बदल चालत नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. खालच्या मॉडेलला त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलचा कंपनीमान्य टायर टाकणं हा त्यातला सगळ्यात सरळ मार्ग. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावर साइझ आणि हवेचा दाब दोन्ही छापलेले असतात. दुकानात जायच्या आधी त्याचा फोटो काढून ठेवा, आणि मापाबाहेर जाणार असाल तर विमा कंपनीला लेखी विचारा. क्लेमच्या वेळी सर्व्हेअर पहिल्यांदा टायरकडंच बघतो.