घाईने भरणारी बॅटरी

नांदेड ते लातूर रस्त्याने अंतर सुमारे १४० किलोमीटर. विजेवर चालणाऱ्या बसला तेवढ्यासाठी १५० युनिट वीज लागते असे धरू. लातूरला चहा पिऊन होईपर्यंत, म्हणजे १० मिनिटांत, तिची बॅटरी पुन्हा भरता येईल का? प्रश्न आजचा वाटतो, पण त्याला मोठा इतिहास आहे.

व्होल्टाने १८०० साली बनवलेली बॅटरी वापरली की संपत असे. १८५९ साली फ्रान्समध्ये प्लान्ते यांनी शिसे-आम्ल बॅटरी तयार केली. उलटा विद्युतप्रवाह दिला की ती पुन्हा भरे. भारनियमनात आपल्या घरचा इन्व्हर्टर चालवते ती हिचीच वंशज. तिच्यात अधूनमधून शुद्ध पाणी घालावे लागते, कारण भरताना थोड्या पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन निघून जातात. घाई केली की हे नुकसान वाढते.

१९७०च्या दशकात व्हिटिंगहॅम यांनी लिथियम वापरले. बॅटरी हलकी झाली, पण पुन्हापुन्हा भरताना लिथियम धातूच्या सुया वाढत आणि आग लागण्याचा धोका असे. १९८० साली गुडइनफ यांनी कोबाल्ट ऑक्साइडचे धन अग्र शोधले. १९८५ साली योशिनो यांनी ऋण अग्रात धातूऐवजी कार्बन वापरला. १९९१ मध्ये सोनी कंपनीने अशी बॅटरी बाजारात आणली. या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

आता लिथियमचे आयन कार्बनच्या थरांमध्ये जाऊन बसतात. मात्र दिवाळीच्या गर्दीत एसटीच्या दारात होते तसेच इथेही होते. आत जागा रिकाम्या असतात, पण सगळे एकदम घुसू पाहतात. आत शिरू न शकलेले आयन पृष्ठभागावरच धातू होऊन साचतात, आणि जुना धोका परत येतो.

२००८ मध्ये तोशिबाने कार्बनऐवजी लिथियम टायटनेट वापरलेली बॅटरी आणली. ती काही मिनिटांत बरीचशी भरते, पण तेवढ्याच वजनात वीज कमी साठवते.

दुसरी अडचण बॅटरीबाहेरची आहे. १० मिनिटांत १५० युनिट द्यायचे तर ९०० किलोवॅट शक्ती हवी. ५ अश्वशक्तीचा शेतीपंप सुमारे ३.७ किलोवॅटचा असतो. म्हणजे एका बससाठी जवळजवळ २४० पंपांचा भार! जिथे शेतकरी पंपाच्या विजेची पाळी येण्याची वाट पाहतो, तिथे हा हिशेब टाळता येणार नाही. तेच काम ३ तासांत केले तर ५० किलोवॅट पुरतात.

म्हणून घाई कुठे खरोखर हवी, हे आधी ठरवायला हवे असे आम्हाला वाटते. मुक्कामी गाडी रात्रभर सावकाश भरता येईल. जिथे घाई अटळ आहे, तिथे स्थानकावर मोठी बॅटरी ठेवून ती दिवसभर उन्हावर भरता येईल आणि बस आली की तिच्यातून वीज देता येईल.

वर्गात एक प्रयोग करून पाहू या. रिकामा मोबाइल चार्जिंगला लावून दर ५ मिनिटांनी टक्केवारी लिहा आणि आलेख काढा. रेषा कुठे वाकते? शेवटचे टक्के हळूहळू का भरतात, हे मुलांनाच विचारा. एसटीच्या दाराची आठवण त्यांना नक्की होईल.