लांब चिमटा, आखूड चिमटा : सायकलच्या सस्पेन्शनचा इतिहास

१/ कोपरगाव म्हटले की इतिहासप्रेमींना राघोबादादांचा वाडा आठवतो. याच तालुक्यात गळीत हंगामात उसाने लादलेल्या टायरगाड्या कारखान्यांच्या वाटेला लागतात. या बैलगाडीला स्प्रिंग नसते. रस्त्याचा धक्का पोटात घेते ती टायरमधली हवा. माउंटन बाइकच्या सस्पेन्शन फोर्कची, म्हणजेच दबणाऱ्या पुढच्या चिमट्याची, कथा याच हवेपासून सुरू होते.

२/ बेलफास्टचे पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर तयार केला आणि १८८८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. रॉबर्ट थॉमसन यांनी ही कल्पना सुमारे चार दशके आधीच नोंदवली होती. ती रस्त्यावर रुजली मात्र डनलॉप यांच्यामुळे. टायर खडी सोसतो, पण डोंगरातल्या धोंड्यांपुढे त्याचे बळ अपुरे पडते.

३/ पुढचे पाऊल मोटारसायकलीने टाकले. १९३५ च्या बीएमडब्ल्यू आर-१२ या गाडीला तेलाचा दुर्बिणी चिमटा होता. एका नळीत दुसरी नळी सरकते. स्प्रिंग धक्का झेलते आणि तेल तिची उसळी आवरते. सायकलला हे वैभव मिळण्यास अर्धशतक लागले. तिथे इंजिन नसते. प्रत्येक ग्रॅम स्वाराच्या पायांना ओढावा लागतो.

४/ १९८९ च्या सुमारास अमेरिकेत पॉल टर्नर यांनी रॉकशॉक्सचा आरएस-१ हा चिमटा पुढे आणला. त्याचा ट्रॅव्हल, म्हणजे दबण्याचे अंतर, जेमतेम ४८ मिमी होते. १९९० मध्ये कोलोरॅडोतील दुरँगो येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत ग्रेग हर्बोल्ड यांनी याच कंपनीच्या चिमट्यावर उताराची शर्यत जिंकली. शंका घेणारे गप्प झाले.

५/ मग लांबीची चढाओढ लागली. आज उताराच्या शर्यतीत २०० मिमी ट्रॅव्हल सर्रास आढळतो. पण १९९६ पासून ऑलिंपिकमध्ये असलेल्या क्रॉस-कंट्री प्रकारात स्वार १०० ते १२० मिमीवरच समाधान मानतात. चढावर जास्त दबणारा चिमटा स्वाराची ताकद गिळतो, हे त्यामागील एक कारण.

६/ दुसरे कारण सांगाड्याच्या भूमितीत आहे. चिमटा लांब झाला की सायकलचे तोंड वर उचलले जाते आणि हँडलची नळी मागे कलते. ढोबळ हिशेब असा की २० मिमी लांबीमागे हा कोन सुमारे १ अंशाने बदलतो. उतारावर असा कल धीर देतो. चढावर मात्र पुढचे चाक भरकटते. शिवाय लांब चिमटा तरफेसारखा काम करतो आणि नळीच्या सांध्यावरचा ताण वाढवतो. साध्या, न दबणाऱ्या चिमट्यासाठी घडवलेल्या जुन्या सांगाड्याला हा ताण तडा देऊ शकतो. म्हणूनच १९९० च्या दशकात कारखानदारांनी सांगाडे नव्याने आखले.

७/ येथूनच ट्रॅव्हल कमी करण्याची विद्या जन्मली. काही चिमट्यांत पिस्टनच्या दांड्यावर प्लास्टिकचा स्पेसर चढवतात. त्यामुळे चिमटा पूर्ण उघडतच नाही आणि त्याची एकूण लांबीही तेवढीच घटते. नव्या अनेक मॉडेलांत स्पेसर चालत नाही. आखूड दांड्याचा एअर स्प्रिंग संच बसवावा लागतो. काही कंपन्यांनी बटण फिरवून चालत्या सायकलवरच उंची बदलण्याची सोय दिली होती. पण वजन आणि गुंतागुंत वाढल्याने ती हळूहळू मागे पडली.

८/ या कामात दोन पथ्ये जिवाची आहेत. चिमटा उघडण्यापूर्वी हवा पूर्ण काढणे हे पहिले, कारण दाबाखालचा भाग गोळीसारखा सुटतो. सांगाड्याच्या निर्मात्याने सांगितलेल्या मर्यादेतच लांबी ठेवणे हे दुसरे.

९/ गोदावरीच्या कालव्यांवर पोसलेला कोपरगावचा मुलूख बहुतांशी सपाट आहे. येथील पांदीवर १६० मिमीचा चिमटा मिरवता येईल, वापरता येणार नाही. टायरगाडीच्या चालकाला जे अनुभवाने उमगले होते, तेच सांगायला सायकलच्या इतिहासाला शंभर वर्षे लागली : धक्का किती झेलायचा हे वाट ठरवते, बाजार नव्हे.

(समाप्त)