सोनोग्राफीच्या दारावरची पाटी

नाशिकला सोनोग्राफीला गेलं की पाटी दिसते, इथे गर्भलिंगनिदान केलं जात नाही. ती आली कुठून?

१९७० नंतर आपल्याकडे गर्भजल तपासणी आली. बाळाभोवतीचं पाणी सुईने काढायचं आणि त्यातल्या पेशींवरून आनुवंशिक आजार ओळखायचा. शास्त्र चांगलंच. पण त्याच पेशींत मुलगा की मुलगी हेही कळतं! सरकारी दवाखान्यांत लिंग सांगणं बंद झालं, खासगीत मात्र धंदा जोरात चालला. मग मुंबईतल्या बायका आणि काही डॉक्टर एकत्र आले, भांडले. १९८८ मध्ये महाराष्ट्राने कायदा केला, देशातला पहिला. केंद्राचा आला १९९४ मध्ये. आजारासाठी तपासणी चालूच राहिली, लिंग सांगायला बंदी.

आणि हेच शास्त्र सांगतं, मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या बीजावर ठरतं. बाईच्या नाही.

परवा गटाच्या बैठकीत हे सांगितलं. चार लेकी झालेल्या एक आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मग सासू मला का बोलायची गं?”