नादारी : एका शब्दाची दोन घरे

मराठी शाळेत शिकलेल्या आमच्या पिढीला ‘नादारी’ हा शब्द पहिल्यांदा भेटला तो फीमाफीच्या अर्जावर. वडिलांची मिळकत बेताची, मुलगा हुशार, त्याला नादारी मिळाली, असे म्हणताना कुणाची मान खाली जात नसे. सुरतेत स्थायिक झालेल्या आपल्या घराण्यांना हाच शब्द पुढे गुजरातीतून पुन्हा भेटला आणि त्याने दचकवले. इथल्या कोर्टात नादार म्हणजे ज्याला कर्ज फेडणे अशक्य झाले आहे असा माणूस. फारसीत त्याचा अर्थ इतकाच की ज्याच्यापाशी नाही तो. त्यात ठपका नाही. ठपका आहे तो आपल्या ‘दिवाळखोर’ या शब्दात. या दोन शब्दांमधील अंतर कायद्याने कसे ओळखले आणि समाजाने ते अजून का ओळखले नाही, याचा मागोवा घेण्याचा हा प्रयत्न आहे.

देशी पेढ्यांची जुनी चाल अशी सांगतात की, व्यापारी बुडाला की तो भर दिवसा दुकानात दिवा लावी, गादी उलटी करून ठेवी आणि देणेकऱ्यांनी काय ते समजून घ्यावे. ‘दिवाळे’ या शब्दाचे मूळही पुष्कळजण त्या दिव्यातच शोधतात. व्युत्पत्ती काहीही असो, चाल बोलकी आहे : दिवाळे ही जाहीर करण्याची गोष्ट होती, लपवण्याची नव्हे. सुरतेला कर्जाचे नावीन्य कधीच नव्हते. सतराव्या शतकात इंग्रज कंपनीची इथली वखारही विरजी व्होरांसारख्या सावकारांकडून कर्ज काढीत असे. १६६४च्या स्वारीत महाराजांच्या सैन्याने ज्यांची संपत्ती नेली तेच हे विरजी व्होरा.

आपल्याकडे पेशवाईत देणे वसूल करण्याचे मार्ग होते तगादा आणि धरणे. एल्फिन्स्टनच्या १८१९च्या अहवालात त्यांचे वर्णन आहे. धनको ऋणकोच्या दारात बसे, त्याचे जाणे-येणे अडवी, लोकांदेखत त्याची अब्रू काढी. वसुलीचे हत्यार अब्रू हेच होते. इंग्रजी अमलात त्याची जागा दिवाणी तुरुंगाने घेतली. ज्याच्यापाशी नाही त्याला कोंडून पैसा निघत नाही, हे इंग्रजांना स्वतःच्या देशातील अनुभवाने कळत होते. म्हणून १८२८ आणि १८४८ साली कलकत्ता, मद्रास व मुंबई या तीन शहरांसाठी नादारीचे कायदे झाले. सुरत मात्र मोफसलात पडली. मुंबईच्या व्यापाऱ्याला जे दार उघडे होते, ते सुरतेच्या व्यापाऱ्याला दीर्घकाळ नव्हते.

याच काळात सुरतेत जन्मलेले प्रेमचंद रायचंद मुंबईच्या शेअरबाजाराचे राजे झाले आणि १८६५च्या कोसळण्यात त्यांचे साम्राज्य बुडाले. तरी भरभराटीत दिलेल्या त्यांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर त्यांच्या मातोश्रींचे नाव आजही मिरवतो. मोठ्याच्या बुडण्याची आख्यायिका होते. लहानाच्या बुडण्याची कुजबुज.

लहानांची दखल सरकारला घ्यावी लागली ती मराठी मुलखात. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते जाळली. त्यातून १८७९चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून न्यायमूर्ती रानडे यांनी अनेक वर्षे काम केले. मोफसलासाठी नादारीचा स्वतंत्र कायदा १९०७ साली झाला आणि त्याची जागा १९२०च्या प्रांतिक नादारी कायद्याने घेतली. सुरतेच्या जिल्हा न्यायालयाचे दार तेव्हापासून त्या कायद्याने उघडे आहे.

हे दार आतून कसे दिसते, ते आमच्या घराण्याने पाहिले आहे. १९५८च्या सुमाराची गोष्ट. आमचे एक चुलते जरीच्या व्यापारात होते. एका स्नेह्याच्या कर्जाला ते जामीन राहिले. स्नेही गाव सोडून गेला आणि सावकार काकांच्या ओट्यावर आले. जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते, हे काकांना तेव्हा कळले. एकाच कारकुनानिशी घरच्या पुढल्या खोलीत वकिली करणारे एक गुजराती गृहस्थ त्यांना कुणीतरी सुचवले. वकीलसाहेबांनी पहिल्याच बैठकीत आपली फी सांगितली आणि ती भरण्यासाठी नवे कर्ज काढायचे नाही, अशी तंबीही दिली. मग कोरे कागद पुढे सरकवले आणि म्हणाले, “भाऊ, प्रत्येक देणेकऱ्याचे नाव, पत्ता आणि रक्कम लिहा. एकही गाळू नका.”

काकांनी यादी केली आणि दोन नोंदी गाळल्या. एक बहिणीकडून घेतलेल्या रकमेची, कारण ती घरची बाब. दुसरी मेहुण्यांची, कारण त्यांचे पैसे महिन्यापूर्वीच गुपचूप चुकते केले होते. वकीलसाहेबांनी दोन्ही प्रश्नांतून बाहेर काढल्या. अर्जात सर्व देणी आणि सर्व मालमत्ता लिहिणे कायद्याने बंधनकारक आहे. लपवणे हा गुन्हा आहे. अर्जापूर्वीच्या तीन महिन्यांत एखाद्याच देणेकऱ्याला झुकते माप देण्यासाठी काही चुकते केले असेल, तर ते रद्द ठरते. मेहुण्यांना रक्कम रिसीव्हरकडे परत द्यावी लागली. पुढे कित्येक वर्षे ते आमच्या घरी जेवले नाहीत. कायद्यापुढे सगळे देणेकरी सारखे, मग तो सावकार असो की सोयरा, हा धडा आमच्या घरात असा महागात शिकला गेला.

दुकान आणि घरातील काकांचा हिस्सा रिसीव्हरच्या ताब्यात गेला. पण स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि नेसती वस्त्रे यांना हात लागला नाही. धार्मिक रूढीनुसार स्त्रीने अंगावेगळा करू नये असा दागिनाही जप्तीतून मुक्त असतो. काकूंच्या मंगळसूत्राला दिवाणी प्रक्रिया संहितेत रखवालदार आहे, हे त्या घरात कुणाला ठाऊकच नव्हते. काकू ते आधीच काढून द्यायला निघाल्या होत्या. अटकेपासून संरक्षणाचा हुकूमही मिळाला. नाव राजपत्रात छापून आले. काकांनी तो अंक कधी पाहिला नाही.

खरी कसोटी पुढे होती. नादार ठरणे म्हणजे मुक्त होणे नव्हे. न्यायालयाने दिलेल्या मुदतीत मुक्ततेसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो; न केल्यास सारे मुसळ केरात. तिथे कायदा विचारतो : मालमत्ता देण्याच्या मानाने रुपयास आठ आणे तरी आहे का? नसेल, तर त्यात तुमचा दोष नाही हे दाखवा. वह्या नीट ठेवल्या होत्या का? जुगार, सट्टा, उधळपट्टी केली होती का? रुपयाचे शंभर पैसे होऊन जेमतेम वर्ष झाले होते, पण कायद्याच्या कलमात आठ आणे तसेच राहिले. काकांच्या वह्या स्वच्छ होत्या आणि बुडाले ते दुसऱ्याच्या देण्यापायी. दोन वर्षांनी मुक्ततेचा हुकूम झाला. इथेच दिवाळखोर आणि नादार यांच्यामधील रेघ कायदा ओढतो.

ती रेघ पुढे अधिक ठळक झाली. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, निव्वळ ऐपत नाही म्हणून कुणाला दिवाणी तुरुंगात टाकता येणार नाही. ऐपत असून बुडवण्याची बदनियत दिसली पाहिजे. २०१६ साली नवी नादारी व दिवाळखोरी संहिता आली. तिच्यातील व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९पासून लागू झाला तो केवळ कंपन्यांच्या कर्जाला व्यक्तिशः जामीन राहिलेल्यांपुरता. बाकी सामान्य माणसासाठी, हे लिहीत असताना, १९२०चाच कायदा चालू आहे. शंभर वर्षांपूर्वीचे दार आहे, कुरकुरते, पण उघडते.

ते ठोठावणारे मात्र थोडे. २००८च्या मंदीत हिऱ्याचे कारखाने बंद पडले तेव्हा कितीतरी रत्नकलाकार मुकाट्याने गावी परतले. उधना-लिंबायतच्या यंत्रमागांवर राबणाऱ्या आपल्या खानदेशी बांधवांच्या घरांतही हप्त्यांचे ओझे असते, आणि जुन्या घराण्यांत ते असते पण बोलले जात नाही. शेजाऱ्याला कळू नये म्हणून आधी दागिने जातात, मग झोप, आणि कधी कधी माणूसही. कर्जाने जेवढी माणसे मोडत नाहीत तेवढी कर्ज लपवण्याने मोडतात, असे आम्हांस वाटते. कोरा कागद पुढे करून ‘सगळे लिहा’ म्हणणारा एखादा एकटा वकील वेळेवर भेटला, तर निम्मे ओझे तिथेच उतरते.

बहिणीचे देणे मुक्ततेच्या हुकमाने कायद्यापुरते संपले होते. काकांनी तसे वकीलसाहेबांना विचारूनही घेतले. ते म्हणाले, “कायदा आता काही मागत नाही. तुमच्या नव्या कमाईतून तुम्ही काय द्याल, तो तुमचा धर्म.” त्यानंतर दर भाऊबीजेच्या ओवाळणीत काका ठरावीक रक्कम घालीत. किती झाले आणि किती उरले, याची वही आत्याबाईंनी ठेवली नाही; काकांनी मात्र ठेवली होती. तिच्या शेवटच्या पानावर शिल्लक शून्य आहे.